पांदणीतून मांजरेकडे

सकाळी शाळेच्या फाटकाजवळ सायकलींची रांग लागते. कोणाची सायकल नवी कोरी असते, कोणाची थोरल्या भावाकडून आलेली. कोणी दोन-तीन किलोमीटरवरच्या खेड्यातून येतो, तर कोणी गल्लीतूनच. या सायकली आपल्याला रोज त्याच रस्त्याने शाळेत आणतात आणि त्याच रस्त्याने घरी नेतात. पण डांबरी रस्ता सोडून, शेतांमधून, माळावरून, ओढ्याच्या काठाने सायकल चालवण्याचाही एक खेळ आहे. त्याची सहल कशी आखावी, हे या पाठात पाहू.

या खेळासाठी वेगळी सायकल असते. तिला 'माउंटन बाइक' म्हणजे डोंगरी सायकल म्हणतात. तिचा जन्म एखाद्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथील काही तरुण १९७० नंतरच्या वर्षांत जुन्या, जाडजूड, रुंद टायरच्या सायकली मोडीतून आणत आणि डोंगरावरून खाली सोडत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. उतार इतका तीव्र होता की मागच्या चाकातील ब्रेक तापून त्यातील ग्रीस जळून जाई. प्रत्येक फेरीनंतर ब्रेक उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या उतारालाच 'रीपॅक' हे नाव पडले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जो ब्रीझ या तरुणाने खास डोंगरासाठी नवी सायकल बनवली. वीस वर्षेही झाली नाहीत तोच, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या सायकलींची शर्यत झाली. पुरुषांमध्ये नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटयेन्स आणि स्त्रियांमध्ये इटलीची पाओला पेझ्झो हे पहिले विजेते ठरले.

आज अनेक देशांत जंगलात आणि डोंगरांवर या सायकलींसाठी मुद्दाम वाटा तयार केलेल्या असतात. एका वाटेला दुसरी, दुसरीला तिसरी, असे वाटांचे जाळेच असते. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी रंगीत खूण लावतात. हिरवा गोल म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, आणि काळी चौकट म्हणजे अवघड. खूण पाहून जो तो आपल्या ताकदीप्रमाणे वाट निवडतो.

तुम्ही म्हणाल, "सर, बिलोलीत असले जाळे कोठे आहे?"

मुद्दाम बांधलेले जाळे येथे नाही हे खरे. पण जाळे आहे, आणि ते फार जुने आहे. एका शेतातून दुसऱ्या शेताकडे, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा तुम्ही पाहिल्या आहेत. दोन्ही बाजूंना बांध, बाभळी, बोरी आणि मधून गाडीच्या चाकोऱ्या. आपल्याकडे या वाटेला 'पांदण' म्हणतात. महाराष्ट्राच्या इतर भागांत 'पाणंद' हा शब्द चालतो. शेतकरी या पांदणींनीच वखर, नांगर आणि गुरे घेऊन शेतावर जातो. त्या कोणी खेळासाठी केलेल्या नाहीत, पण सायकलवाल्याला त्या पुरेशा आहेत.

मात्र सगळ्या पांदणी सारख्या नसतात, आणि याचे कारण आपल्या पायाखालच्या जमिनीत आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, त्यांचा हा खडक झाला. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात मात्र, म्हणजे आपल्या बिलोली आणि देगलूरच्या बाजूला, हे थर संपतात आणि खालचा त्याहून कितीतरी पट जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. माळावर एकावर एक रचून ठेवल्यासारखे मोठमोठे गोल धोंडे दिसतात ना, ते या ग्रॅनाइटचे. लातूरच्या बाजूचा पाहुणा आला तर त्याला हे धोंडे मुद्दाम दाखवा. त्याच्या गावाकडे असे धोंडे नाहीत.

ग्रॅनाइट झिजला की त्याची जाडसर, रेताड, तांबूस माती होते. पाऊस पडला तरी पाणी तिच्यातून चटकन झिरपते आणि वाट लवकर सुकते. काळ्या मातीचे तसे नाही. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि वाळले की आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. ओली काळी माती टायरला चिकटते, फिरत्या टायरवर थरावर थर बसतात, ब्रेक आणि फ्रेम यांच्यामधली फट भरून जाते आणि चाक फिरायचे थांबते. मग सायकल तुम्हाला नेत नाही, तुम्ही सायकलला नेता.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही नववीच्या चौदा विद्यार्थ्यांना घेऊन मांजरा नदीकडे निघालो होतो. आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला होता. सकाळी ऊन पडले, आकाश निवळले, आणि मला वाटले आता काय अडचण? निघायला नऊ वाजले. जाताना डांबरी रस्त्याने गेलो, ते ठीक झाले. परत येताना एका गुराख्याने जवळची वाट दाखवली आणि मी ती धरली. अर्धा किलोमीटर गेलो नाही तोच सगळ्यांची चाके जाम. काड्यांनी चिखल खरवडायचा, दहा पावले जायचे, पुन्हा खरवडायचा. शेवटी मुलांनी सायकली खांद्यावर घेतल्या. ऊन चढले. प्रत्येकाजवळ एकच बाटली होती, ती कधीच रिकामी झाली होती.

दुपारी एकच्या सुमारास एक मुलगा बांधावर बसला तो उठेना. चेहरा पांढरा पडलेला, डोके दुखत होते, उलटी झाली. विचारले तेव्हा कळले की सकाळी उशीर होईल म्हणून तो न्याहारी न करताच निघाला होता. सांगायला त्याला संकोच वाटला. आम्ही त्याला लिंबाच्या सावलीत झोपवले, कपडे सैल केले, रुमाल ओला करायलाही पाणी नव्हते. तेवढ्यात शेतात सोयाबीन झाकायला आलेल्या एका आजोबांनी पाहिले. त्यांनी आपली घागर आणली. आधी मुलाच्या मानेवर आणि कपाळावर पाणी शिंपडले, मग घोटघोट पाजले, भाकरीसोबत आणलेला गूळ आणि चिमूटभर मीठ दिले. तासाभराने तो उठून बसला. आजोबांनी त्याला बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत सोडले. मी आभार मानू लागलो तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पाऊस झाल्यावर या पांदणीत आम्ही बैल घालत नाही, तुम्ही पोरं घातली."

त्या दिवशीची चूक माझीच होती. आकाश पाहिले, पण जमीन पाहिली नाही.

यानंतर आम्ही सहल नव्याने आखायला बसलो. सुरुवात नकाशापासून केली. नकाशा, सामान, अंदाज, मुक्काम हे शब्द तुम्ही घरीही बोलता. मराठीत ते इतके रुळले आहेत की ते पाहुणे आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. 'मंजिल' म्हटले की तुम्हाला शेवटचे ठिकाण आठवते. मराठीत त्याचे 'मजल' झाले, आणि त्याचा अर्थ झाला एका दमात गाठलेला टप्पा. 'मजल दरमजल करत गेले' म्हणजे टप्पे घेत घेत गेले. सहल आखणे म्हणजे अशा मजला ठरवणे.

भारतीय सर्वेक्षण विभाग ही नकाशे तयार करणारी सरकारी संस्था १७६७ सालापासून काम करत आहे. तिचे नकाशे २०१७ पासून संगणकावरून उतरवूनही घेता येतात. त्यांपैकी एका प्रकारच्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. वळणावळणाच्या वाटेचे अंतर पट्टीने मोजता येत नाही. म्हणून एक ओला दोरा घ्या, वाटेवर वळणे घेत अंथरा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजा. दोरा २४ सेंटिमीटर भरला तर वाट १२ किलोमीटर. याच नकाशावर तपकिरी रंगाच्या बारीक रेषा असतात, त्यांना समोच्चरेषा म्हणतात. एका रेषेवरची सर्व ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात, आणि एका रेषेपासून दुसरी २० मीटर उंच किंवा खाली असते. रेषा दूरदूर असतील तर जमीन सपाट, एकमेकींना चिकटून असतील तर चढ उभा. आपल्या भागात त्या बहुतेक दूरदूर आहेत. तरीही जेथे त्या जवळ येतात तेथे माळ आहे हे समजा.

हल्ली मोबाइलवरही नकाशा आणि वरून घेतलेले छायाचित्र दिसते. ते जरूर पाहा. पण छायाचित्रात पांदण दिसली म्हणजे ती आज मोकळी आहे असे नाही. कोणी काटे टाकून बंद केली असेल, कोठे पूल खचला असेल. हे नकाशा सांगत नाही, त्या रानात रोज जाणारा माणूस सांगतो. म्हणून आम्ही वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलामुलींनाच विचारले. कोणती पांदण तांबड्या जमिनीतून जाते, कोणती काळ्या, कोठे ओढा आडवा येतो, कोठे कुत्री अंगावर धावतात, कोणाच्या विहिरीवर पाणी मिळते. दोन मुलींनी एवढी माहिती दिली की आमचा अर्धा नकाशा त्यांनीच भरला. मग परदेशातल्यासारखे रंग दिले. डांबरी आणि खडीचे रस्ते हिरवे. तांबड्या जमिनीतल्या पांदणी निळ्या. धोंड्यांच्या माळावरच्या पाऊलवाटा काळ्या. काळ्या मातीच्या पांदणींना लाल रंग दिला आणि लिहिले, 'पावसानंतर चार दिवस बंद'.

हा शेवटचा नियम केवळ आपल्या सोयीसाठी नाही. ओल्या वाटेवरून चाके गेली की खोल चाकोरी पडते. पुढच्या पावसात पाणी त्या चाकोरीतून वाहते, तिची नाली होते, नालीची घळ होते, आणि शेतकऱ्याची गाडी जायची बंद होते. परदेशात वाटा बांधणारे लोक याच एका गोष्टीचा सर्वांत जास्त विचार करतात. टेकडीवर वाट सरळ वर नेली की पाणी तिच्यातूनच खाली धावते. म्हणून ते वाट उताराला आडवी नेतात, तिचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवत नाहीत, आणि वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवतात. त्यामुळे पाणी वाट ओलांडून निघून जाते. आता एखाद्या संध्याकाळी माळावर जा आणि शेळ्यांनी पाडलेली वाट पाहा. तीही अशीच आडवी, तिरकी चढत जाते. शेळीला हे कोणी शिकवले नाही, तिला फक्त दम वाचवायचा असतो.

आता वेळेचा हिशेब. समजा, जाण्याच्या वाटेत १० किलोमीटर डांबरी रस्ता, ७ किलोमीटर पांदण आणि १ किलोमीटर सायकल ढकलत नेण्याचा माळ आहे. गटाचा वेग डांबरीवर तासाला १२ किलोमीटर, पांदणीत ७ आणि ढकलताना ३ धरला, तर अनुक्रमे ५० मिनिटे, ६० मिनिटे आणि २० मिनिटे लागतील. एकूण २ तास १० मिनिटे. यात विश्रांती नाही, पंक्चर नाही, मागे राहिलेल्याची वाट पाहणे नाही. त्यासाठी एक तृतीयांश वेळ वाढवा, म्हणजे सुमारे ३ तास. आणि वेग धरायचा तो गटातल्या सर्वांत हळू जाणाऱ्याचा.

डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. उजेड सुमारे अकरा तासांचा. त्यात जाणे तीन तास, येणे तीन तास, मध्ये जेवण आणि नमाज. शुक्रवार नको, कारण जुमा घाईत उरकावा लागेल. ज्या गावावरून जायचे तेथे आठवडी बाजार असेल तो दिवसही नको. नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो, तेव्हा मुख्य रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर असतात. त्यांची मागची ट्रॉली डुलत असते, तिच्या जवळून सायकल काढू नका, उतरून बाजूला उभे राहा. परत फिरण्याची वेळ आधीच ठरवून ठेवा. आमची ठरली होती दुपारी एक. एक वाजला की नदी दिसत असली तरी परत फिरायचे, असे सर्वांनी कबूल केले होते.

सायकलीबद्दल पुष्कळ मुले विचारतात, "माउंटन बाइक नसेल तर?" तर आहे ती चालेल, पण तिचा स्वभाव ओळखा. साध्या काळ्या सायकलचे दात मोजा. पुढच्या चक्रीला ४४ आणि मागच्या चक्रीला १८ असतील, तर पॅडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे छान. चढावर मात्र तेवढाच जोर लावून तेवढे अंतर जाता येत नाही. गियरच्या सायकलला पुढे २२ आणि मागे ३४ दात लावता येतात. तेव्हा एका फेरीत ती सव्वा मीटरच्या थोडी पुढे जाते. पाय जास्त फिरवावे लागतात, पण जोर कमी लागतो. साधी सायकल असेल तर चढावर उतरून ढकला. त्यात कमीपणा काही नाही.

टायरचेही तसेच. रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग मोठा, त्यामुळे वजन पसरते आणि तो वाळूत कमी रुततो. अरुंद टायर वाळूला कापत आत जातो. वाळूत हवा थोडी कमी केली तर बरे पडते, पण फार कमी केली आणि दगडावर आदळलात, तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाऊन दोन भोके पडतात.

आपल्याकडे पंक्चरचे खरे मालक दोन, बाभळीचा काटा आणि सराटा. सहलीच्या आधी चौकातल्या सायकलवाल्या चाचांकडे एक दुपार बसा आणि पंक्चर काढायला शिका. पाने, टायर काढायच्या पट्ट्या, सोल्यूशन, ठिगळे, पॉलिश पेपर, पंप आणि एक जादा ट्यूब, एवढे सामान पाच जणांत एक असले तरी भागते. रानात टपात पाणी नसते, तेव्हा हवा भरलेली ट्यूब गालाजवळ फिरवा, हवेची बारीक फुंकर लागते. आणि ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून जाड फडके फिरवा. काटा आतच राहिला असेल तर फडके अडते. हे न केल्यामुळे मी एकाच काट्याने तीनदा पंक्चर झालेली सायकल पाहिली आहे.

पाणी दर तासाला अर्धा लिटर धरा. म्हणजे दिवसाला निदान तीन लिटर प्रत्येकी. तहान लागण्याची वाट पाहू नका, दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. अम्मीला सांगून पोटभर न्याहारी करून निघा. ज्याने केली नसेल त्याने ते सांगायचे, आणि ज्या सरांना किंवा बाजींना सांगाल त्यांनी रागवायचे नाही, असाही एक नियम आम्ही फळ्यावर लिहिला.

२०२० च्या जानेवारीत आम्ही पुन्हा निघालो. पाऊस होऊन कितीतरी आठवडे झाले होते. पालकांच्या आणि शाळेच्या परवानग्या घेतल्या होत्या. नवाब सरफराज खान शहीद यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बिलोलीच्या दगडी मशिदीपाशी सगळे सात वाजता जमलो. एक जण सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. सकाळी समोरून गार वारा होता. हिवाळ्यात तो बहुधा पूर्वेच्या बाजूने येतो, म्हणून नदीकडे जाताना अंगावर आणि परत येताना पाठीवर. दमल्यावर पाठीवर वारा मिळणे हा नशिबाचा भाग नाही, सकाळी कोणत्या दिशेला निघालो यावर ते ठरते.

हिरव्या आणि निळ्या वाटांनी आम्ही येसगीच्या बाजूला मांजरेकाठी पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. पलीकडे तेलंगणा, तिकडे रस्ता बोधनला जातो. मांजरा येथून उत्तरेकडे वाहत जाऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. नदीत पाणी थोडे होते आणि वाळूचा पसारा मोठा. मुले पाण्याकडे धावणार तोच आम्ही काठावर दोरी धरली. वाळू उपसलेल्या जागी पाण्याखाली खोल खड्डे असतात. वरून पाणी गुडघाभर दिसते आणि पुढच्या पावलाला तळ लागत नाही. पोहता येणाऱ्यालाही तेथे धोका आहे, म्हणून दोरीच्या पलीकडे कोणीही नाही, शिक्षकही नाहीत. काही मुले रुसली. त्यांची समजूत घालण्यापेक्षा दोरी घट्ट धरणे मला सोपे वाटले.

ऑक्टोबरात आजारी पडलेला तो मुलगाही आला होता. त्याने पिशवीत चार लिटर पाणी आणि गुळाचा खडा आणला होता. परतताना त्याने मला थांबवले आणि एका शेताकडे वळायला सांगितले. लाल रंगाची ती पांदण आता खणखणीत वाळली होती, चाके नुसती वाजत होती. आजोबा तुरीच्या शेतात होते. मुलाने अदबीने सलाम केला आणि घरून आणलेला खजुराचा डबा पुढे केला. आजोबांनी त्याला ओळखले की नाही कोण जाणे. त्यांनी आधी सगळ्या सायकलींच्या चाकांकडे पाहिले, मग म्हणाले, "आता बरोबर दिवस धरला."

आमचा रंगवलेला नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. दर वर्षी नवी तुकडी त्यात भर घालते. माळाच्या पलीकडे एक काळी रेघ अजून अर्धीच आहे, ती वाट पुढे कोठे निघते हे आमच्यापैकी कोणी जाऊन पाहिलेले नाही.